माहेरचे ठिपके

"दारापाशी उभी राहा. रस्त्यावर नाही, गल्लीच्या तोंडाशी नाही, दारापाशी. डोक्यावर आभाळ मोकळं दिसू दे, यंत्राला जागा सापडू दे, आणि मगच बटण दाब. त्रिशला, आपला प्रत्येक ठिपका म्हणजे कुणाचं तरी गेलेलं बाळ आहे. तो शेजारच्या घरावर पडता कामा नये."

शेजवलकर मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या सकाळी पिंपळवड्यात आक्काताई सुतारांच्या दारापाशी उभी राहून, उपग्रहावरून जागा टिपणारं ते पिवळं यंत्र तळहातावर आडवं धरून, मी तेच करत होते. दुसऱ्यांदा. कारण माझ्या नकाशावरचा त्यांच्या घराचा ठिपका नदीच्या पात्रात पडला होता, आणि सभा दोन दिवसांवर आली होती.

आक्काताई पायरीवर बसून सुपात हरभरे निवडत होत्या. "आलीस व्हय परत? मागल्या खेपेला काय इसरली होतीस?"

"तुमचं घर नकाशावर नदीत गेलंय, आक्काताई."

"मग बरोबरच हाय की तुझं यंत्र. दर पुराला नदीतच असतंय आमचं घर."

ही दोन हजार दहाची गोष्ट. एका विश्वस्त निधीनं आमच्या भागात प्रथमच एक शिष्यवृत्ती दिली होती. विद्यार्थ्यांनी नकाशे करायला शिकायचं आणि कुठला आजार कुठं दाटतो ते शोधायचं. आम्ही चौघं निवडलो गेलो होतो आणि शेजवलकर मॅडम आमच्या मार्गदर्शक होत्या. माझा विषय होता जन्मल्यावर महिन्याच्या आत दगावलेली बाळं. एका तालुक्याच्या तीन वर्षांच्या नोंदी मी आरोग्य उपकेंद्रांच्या वह्यांतून उतरवल्या आणि मग त्या प्रत्येक घरी जाऊन आले. नकाशा तयार झाला तेव्हा नदीकाठची तीन गावं लाल दिसत होती, आणि त्यांत पिंपळवडे सगळ्यांत गडद. निधीच्या समितीनं आमची कामं पसंत केली तर दुसरं वर्ष मिळणार होतं. शिवाय, जिथं बाळं जास्त गेली तिथं पावसाळ्याच्या आत शुद्ध पाण्याची टाकी बसवायची, असंही ठरलं होतं. एका वेळी एकच गाव. ते गाव माझ्या नकाशावरून निवडलं जाणार होतं.

आतून एक मुलगी तांब्या-भांडं घेऊन आली. माझ्याच वयाची, फार तर बावीस. पहिल्या वेळी ती घरात नव्हती, सगळी माहिती आक्काताईंनीच दिली होती.

"ही माझी शालन," आक्काताई म्हणाल्या. त्या घरचं गेलेलं बाळ हिचं होतं.

मी पिशवीतून फडकं काढलं, भांड्यावर दुहेरी धरलं आणि पाणी गाळून घेतलं. आम्हा जैनांच्यात न गाळलेलं पाणी पीत नाहीत. शालन ते बघून हसली.

"ताई, ह्यानं खारटपणा पण जातोय व्हय?"

"हे पाणी कुठं खारट आहे?"

"हितलं न्हाई वो. आमच्या गोरडवाडीचं."

मी भांडं तसंच धरून राहिले. "तुमच्या?"

"सासरच्या. हितं मी चुलतभावाच्या लग्नाला आलीया. उद्या जाणार परत."

"पण बाळ इथंच झालं ना?"

"हितंच की," आक्काताई म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतंय. सातव्यात चोळी-बांगडी करून आणली. पोरगा झाला. चार दिवस होता."

"आणि सातव्याच्या आधी शालन कुठं होती?"

दोघींनी माझ्याकडं असं पाहिलं, की ही शहाणी बाई अचानक खुळ्यासारखं काय विचारायला लागली.

"सासरी," आक्काताई म्हणाल्या. "लग्न झाल्याली पोरगी आणि कुठं असणार?"

माझ्या अर्जात पत्त्याचा रकाना होता, वयाचा होता, पाणी कुठून भरता त्याचाही होता. सासरचं गाव कुठलं, हा रकाना नव्हता. तो अर्ज मी केला होता. आणि तो करत होते त्या महिन्यात माझी सख्खी बहीण बाळंतपणाला आमच्या घरी आलेली होती. तिच्या डिंकाच्या लाडवांचा वास त्या कागदांना लागला असेल. जी गोष्ट घरोघर चालते ती लिहून विचारायची असते हे मला सुचलंच नाही. मॅडमनाही नाही.

"गोरडवाडीत आणखी कुणाची बाळं गेली का?" मी विचारलं.

शालन बोटांवर मोजायला लागली. "आमच्या आळीत तिघींची. मंगल, ती हितल्याच गुरवाची. सुनंदा, ती पण हितलीच. आणि मी. आमच्या पिंपळवड्याच्या पोरी तिकडंच देत्यात, आज्ज्यापासनं सोयरीक हाय." मग तिनं हात खाली घेतला आणि पदर पोटावरून सारखा केला. "मला परत तिसरा लागलाय."

आक्काताईंचं सूप थांबलं. "बोलू नको दारात."

"का न्हाई बोलू? ताईला कळू दे." ती माझ्याजवळ सरकली. "सातव्यापतोर मी तेच पाणी पिणार, ताई. घरात बोलले तर म्हणत्यात, आमच्या आया तेच पाणी पिऊन म्हाताऱ्या झाल्या, तुझंच नाजूक काय. तुम्ही या की यंत्र घेऊन. पाणी तपासून घ्या. शिकलेल्या बाईनं सांगितलं तर सासरे ऐकतील."

"येते."

"नुसतं म्हणू नका."

"शालन, मी येते म्हटलं की येते. मी खोटं बोलत नाही."

हे मी अभिमानानं म्हटलं नव्हतं, निदान मला तसं वाटलं नव्हतं. सोळाव्या वर्षी मी आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, साध्वी आर्यिका माताजींपुढं हात जोडून चार नियम घेतले होते. देवदर्शनाशिवाय अन्न नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही, आणि असत्य वचन नाही. चारही पाळले होते. रोज संध्याकाळी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसले की दिवस डोळ्यांसमोरून फिरवायचा आणि स्वतःला विचारायचं, आज कुठं मोडला का?

दुसरा पूर्ण दिवस मी, आमचं काम चालायचं त्या संस्थेच्या फोनपाशी बसले. एकेका गावच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य सेविकांना, एकच प्रश्न विचारत गेले, "हिचं सासर कुठलं?" मग जुन्या नकाशावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीनं ठिपके हलवत गेले. तीन गावांत मिळून तेवीस होते. त्यांतले एकोणीस माहेरवाशिणींचे. दुपारनंतर नदीकाठ जवळजवळ मोकळा झाला, आणि पूर्वेकडच्या माळावर, एका ओढ्याच्या कडेनं, ठिपक्यांची रांग लागली. मधोमध गोरडवाडी.

इरफान मुल्ला शेजारच्या टेबलावर क्षयरोग्यांच्या वस्तीचा नकाशा रंगवत होता. तो उठून मागं येऊन उभा राहिला.

"मगदूम, हा कुठला तालुका?"

"आपलाच."

"उद्याच्या फळ्यावर तर दुसराच आहे."

"हो."

त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला. "मॅडमना सांग. पण जरा बेतानं सांग, बाई. चौघांचं गाठोडं एकच आहे. तुझा ठिपका हलला तर माझी खुर्ची हलते." मग खिडकीकडं बघून म्हणाला, "आणि आधी जेव. दिवस बुडाला तर उपाशी भांडशील."

मी भांडले नाही. भांडणं मला कधी जमलंच नाही. मॅडमच्या टेबलावर मी तो पातळ कागद ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी चष्मा वर सरकवून खूप वेळ पाहिलं. त्यांना एका नजरेत कळलं होतं, ते मला दिसलं.

"किती पक्कं आहे हे?"

"फोनवर विचारलंय. सगळ्यांचं नाही कळलं."

"म्हणजे पक्कं नाही."

"पण मॅडम, गोरडवाडी—"

"अगं, बस आधी." त्यांनी कागद उलटा केला, रागानं नव्हे, हळूच. "चार वर्षं मी या लोकांच्या मागं आहे. नकाशावरून आजार कळतो, आमच्या गावाकडच्या मुलामुलींना हे करता येतं, हे पटवायला चार वर्षं. उद्या आपण उभं राहून सांगायचं की आम्हाला माहेर आणि सासर यांतला फरक कळला नाही? हसतील गं. आणि हसून निघून जातील. मग पिंपळवड्यालाही टाकी नाही आणि गोरडवाडीलाही नाही. इरफान घरी, बाकीचे दोघे घरी. एवढं दुसरं वर्ष हातात येऊ दे. पहिल्या महिन्यात आपण दोघी जाऊ, दारोदार पक्कं करू आणि मग सांगू. माझा शब्द."

"खोटं सांगायचं का, मॅडम?"

"खोटं कोण सांगायला सांगतंय? वहीत जे आहे ते सांग."

त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. त्या आम्हा चौघांना वाचवत होत्या. माझी फी त्यांनी एकदा स्वतः भरलेली होती आणि त्याचा उच्चारही कधी केला नव्हता.

सभेत पाच जण होते. मी उभी राहून तेवढंच बोलले जेवढं फळ्यावर होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. टेबलाच्या टोकाला एक वयस्कर बाई बसल्या होत्या, कांबळे सिस्टर, तालुक्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली. त्यांनी हात जरासा वर केला.

"बाळ, हे ठिपके माहेरचे का सासरचे?"

शेजारचे अधिकारी हसले. "सिस्टरना प्रत्येकीचं गणगोत लागतं."

"लागतंच," त्या म्हणाल्या. "सांग, बाळ."

मी मॅडमकडं पाहिलं. त्या हातातले कागद जुळवत होत्या, जुळलेले असतानाही. इरफान बुटांकडं बघत होता.

"नोंदवहीत हेच पत्ते आहेत," मी म्हटलं.

कांबळे सिस्टर क्षणभर माझ्याकडं पाहत राहिल्या. "असं? बरं," म्हणाल्या, आणि त्यांनी चष्म्याची घडी घातली.

त्या संध्याकाळी मी वेळेत जेवले, सामायिकाला बसले, दिवस डोळ्यांसमोरून फिरवला. सभेपाशी आले. आज असत्य बोलले का? त्या वाक्यातला एकेक शब्द उलटून पाहिला. एकही खोटा नव्हता. नाही, नियम मोडला नाही, असं मी स्वतःला उत्तर दिलं. आणि मला शांत झोप लागली. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

दुसरं वर्ष मंजूर झालं. दीड महिन्यात पिंपळवड्यात चौथऱ्यावर टाकी बसली, मॅडमनी नारळ फोडला, आक्काताईंनी माझी ओटी भरली. "तुझ्या यंत्रानं पाणी आणलं गं पोरी," म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला. मॅडमनी म्हटलेला पहिला महिना अहवालात आणि नव्या मुलांच्या मुलाखतींत गेला. मी दोनदा आठवण केली. "जाऊ या गं, जाऊ या," त्या म्हणाल्या, आणि माझ्या बोलण्यात त्यापुढचा जोर नव्हता.

मे महिन्यात एका संध्याकाळी फोन आला. मी नुकतीच हातपाय धुऊन पाटावर बसले होते.

"ताई, शालन बोलतीया. ह्यांच्या फोनवरनं."

"बोल, शालन."

"आईच्या गावाला पाणी आलं म्हणं. आई लई खूश हाय. सारखं तुमचं नाव घेती." मागं कुठंतरी शेळी ओरडत होती. "मला पाचवा लागला, ताई."

"बरी आहेस ना?"

"बरी हाय. पाय जरा सुजत्यात." मग ती हसली. "सासूबाई म्हणत्यात, माहेराचं पाणी डोक्यावरनं आणणार हाईस काय हितं? मी म्हटलं, ताई येणार हाईत. येताय नव्हं?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मी वाट बघतीया म्हणून न्हाई हं ताई. तुमची कामं असत्यात. तवा तुम्ही म्हणाला होता, म्हणून आपलं इचारलं." आणि फोन बंद झाला. पैसे संपले असतील, किंवा कुणीतरी मागितला असेल.

तिच्या आवाजात तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं. मी पुन्हा पाटावर बसले. दिवस फिरवायला लागले आणि तो त्या दिवसाशी थांबेचना, मागं मागं सभेपर्यंत गेला. बाळ, हे ठिपके माहेरचे का सासरचे? त्या खोलीत हा एकच प्रश्न खरा होता, आणि तो विचारणारी एकच बाई. तिला मी एक खरं वाक्य असं दिलं होतं, की तिला खरं कळू नये. गेली सहा वर्षं मी नियम सांभाळत होते, की नियमाच्या आड स्वतःला, ते मला त्या पाटावर बसून पहिल्यांदा कळलं. सामायिक पुरं झालं नाही. उठून कागद घेतला.

सकाळी दर्शन करून मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, मी समितीपुढं खोटं बोलले."

"काहीतरीच. तू एक शब्दही खोटा बोलली नाहीस."

"हो. तेच."

त्यांनी मान वर केली. मी पत्र पुढं ठेवलं. त्यात सासरचा रकाना ठेवला नाही ही चूक माझी, ती सभेच्या आदल्या दिवशी कळली होती आणि कांबळे सिस्टरनी विचारूनही मी ती सांगितली नाही, एवढं लिहिलं होतं. सोबत तो पातळ कागद जोडला होता.

"हे गेलं तर तुझं वर्ष जाईल."

"हो."

"इरफानचंही जाईल कदाचित. तुला हक्क आहे का त्याचं घालवायचा?"

"त्याला काल संध्याकाळीच दाखवून आले."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सही नीट कर, मगदूम, कुणाची आहे ते कळत नाही."

मॅडमना हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच राहिलं. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर माळी हौदातून झाडांना पाणी घालत होता, त्याकडं बघत राहिल्या.

"मी तुला शब्द दिला होता," त्या मागं न वळता म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात जाऊ म्हणून. दिला तेव्हा मला माहीत होतं, की आपण जाणार नाही."

मी टेबलावरचं पत्र त्यांच्या बाजूला सरकवलं.

त्या परत आल्या, पत्र पुन्हा वाचलं, पेन उघडलं आणि माझ्या सहीच्या वर, उरलेल्या जागेत, स्वतःच्या तिरप्या अक्षरात एक ओळ लिहिली. 'ही चूक विद्यार्थिनीने सभेपूर्वी मला सांगितली होती. न सांगण्याचा निर्णय माझा.' खाली सही केली. पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

"हे मी स्वतः नेऊन देते. तू जा."

"कुठं?"

"मला विचारतेस?"

माझी शिष्यवृत्ती त्या पत्रानं गेली. मार्गदर्शक म्हणून मॅडमना पुन्हा कुणी बोलावलं नाही. इरफानचं वर्ष टिकलं. त्यानं क्षयाचा नकाशा पुरा केला. पण हे सगळं पुढं कळलं. त्या सकाळी मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की सभेपासूनचे दोन महिने शालन ते पाणी प्यायली आहे आणि ते दोन महिने मला तिच्या पोटातून काढून घेता येणार नाहीत.

प्रयोगशाळेतून मी नमुन्याच्या सहा बाटल्या मागून घेतल्या. त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, अजून कोऱ्या. बसस्थानकावर पूर्वेकडची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, बाई?"

"गोरडवाडी."

"फाट्यावर सोडतो. आत गाडी जात न्हाई. पाव्हणं हाईत काय तिथं?"

"नाहीत. येते म्हटलं होतं."

त्यानं तिकीट फाडून दिलं. तासाभरानं फाट्यावर मी एकटीच उतरले. गाडी धूळ उडवत पुढं गेली. धूळ बसली तेव्हा माळावरून आत जाणारी पायवाट दिसली. मी ओढणी डोक्यावरून घेतली, बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून पिशवी छातीशी धरली, आणि चालायला लागले.